आवाजाची सरळ रेघ

दोन्ही हातांत चिंचेच्या पिशव्या होत्या, म्हणून शांतवनने शर्टाच्या खिशातल्या फोनला तोंडानेच सांगितलं, "दीनाला फोन लाव." केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला, एका रसवंतीच्या सावलीत तो उभा होता. चरकाची घुंगरं वाजत होती, मागे एक टेम्पो उगाचच घुरघुरत होता. एरवी फोन सांगितलेलं मुकाट्याने करायचा. नाताळात मुलगी, एंजल, पुण्याहून आली होती तेव्हा तिने त्याला समोर बसवून, काही वाक्यं मोठ्याने वाचायला लावून ही सोय करून दिली होती. "पप्पा, आता हा फक्त तुमचंच ऐकणार," ती म्हणाली होती. आणि आज खिशातून एक बाई गोड, शांत सुरात म्हणाली, "हा आवाज जुळत नाही." त्याने पुन्हा सांगितलं. सावकाश, शब्द सुटे करून, वर्गात प्रमेय सांगावं तसं. "हा आवाज जुळत नाही." रसवंतीवाला फडक्याला हात पुसत हसला. "काय सर, फोनबी वळख दाखवंना झाला व्हय!" शांतवनही हसला, कारण अशा वेळी हसायचं असतं. पण हसता हसता त्याला आपलं हसू ऐकू आलं आणि ते बारीक वाटलं. दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं.

घरी येताना तो स्वतःशीच बोलून पाहत होता. दुकानांच्या पाट्या वाचत होता. आवाज तर तोच होता. तोच होता का? माणूस स्वतःचा आवाज आतून ऐकतो, हाडांमधून ऐकतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे आपला आवाज कसा आहे याची साक्ष द्यायला आपणच सगळ्यात कुचकामी. हे त्याला पुस्तकातून कळलं त्याच्या फार आधी तिसगावात कळलं होतं. त्याचे वडील, नोहा मास्तर, तिथल्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी उपासना चालवायचे. त्यांचा आवाज बाजारतळापर्यंत जायचा. रस्त्याने जाणारे बैलगाडीवाले सुद्धा क्षणभर थांबायचे, असं लोक म्हणत. मग तो आवाज हळूहळू उतरू लागला. विहिरीचं पाणी उतरावं तसा, म्हणजे रोज बघणाऱ्याला कळू नये असा. एका रविवारी मागच्या रांगेतून गोजरबाई म्हणाली, "मास्तर, जरा मोठ्यानं वाचा की. काय ऐकूच येत न्हाई." वडिलांनी मान वर केली, आश्चर्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वरडतोयच की बाई मी." पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या लहानग्या शांतवनने ते ऐकलं आणि पुढे कधी विसरला नाही. वडील खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण ओरडतोय. पुढे शर्टाची बटणं त्यांच्या हातात येईनात. भाकरी कालवणात भिजवून, कुस्करून द्यावी लागायची. बाजारात कुणीतरी म्हणालं, मास्तर अलीकडे घेतो वाटतं, जीभ बघ कशी जड झालीय. ज्याने आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी चढली नाही त्या माणसाबद्दल. नगरच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, कंपवात, तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. पण शांतवनच्या लेखी त्या दुखण्याचं नाव वेगळंच राहिलं. 'वरडतोयच की बाई मी' हे त्याचं नाव.

घरी त्याच्या बायकोने, दीनाने, चिंचा बघितल्या, एक बोटूक फोडून चाखलं आणि "बरी आहे, पण फार गोड निघाली" म्हणून पाट घेऊन मधल्या खोलीत बसली. दरवर्षी या दिवसांत ती वर्षभराची चिंच घरी फोडायची. छोट्या हातोडीने टरफल फोडायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका काढायचा. ठक, ठक, ठक. शांतवनने तिला फोनचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, काही नाही हो, फोनच बिघडला असेल. प्रेमाची माणसं अशीच असतात. त्यांचा कान भरवशाचा नसतो. त्याची आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती की ह्यांचा घसा बसलाय, सुंठ चालू आहे. त्याला असा कान हवा होता ज्याचा त्याच्यावर जीव नाही. डॉक्टरचा कानही नको, कारण डॉक्टर एकदा बोलला की बोलला. आधी आपल्याला कळलं पाहिजे, एकट्याला, दाराला कडी लावून. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला भीतीसुद्धा मोजून हवी होती.

निवृत्तीनंतर संगणक तो पुस्तकं वाचून शिकला होता. एंजलचा टाकाऊ लॅपटॉप त्याने फुकट मिळणारी प्रणाली घालून चालता ठेवला होता. तिथेच शोधताना त्याला ती लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांचा एक संच, सापडली. कुठल्याशा दूरच्या विद्यापीठातल्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली. ध्वनिमुद्रण तिच्या हाती दिलं की ती त्यातून आकडे काढून द्यायची: स्वर किती उंच, किती जोर, आणि एका लहरीपासून पुढच्या लहरीपर्यंत आवाज किती डगमगतो. कंपवातात ही डगमग हात थरथरायच्या आधीसुद्धा दिसू शकते, असं एका लेखात होतं. तो लेख त्याने इतक्यांदा वाचला की त्यातले स्वल्पविरामसुद्धा ओळखीचे झाले. लायब्ररी या शब्दाने मात्र त्याला जरा धीर आला. कपाटं, उभे कणे, जुन्या कागदाचा वास. आयुष्यात जिथे जिथे त्याला भीती वाटली नव्हती त्या जागा मोजल्या तर बहुतेक ग्रंथालयंच निघाली असती. पण ही तयार घेऊन चालत नव्हतं. तयार मिळत होती ती त्याच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर बसत नव्हती. म्हणून प्रोग्रामचा मूळ मजकूर उतरवून घेऊन घरच्या घरी बांधायची, मग बसवायची. सूचना सोप्या होत्या. सूचना नेहमी सोप्याच असतात.

पहिल्याच आज्ञेला पडद्यावर लाल ओळी उमटल्या. ध्वनीची फाइल उघडून वाचायला दुसरी एक लायब्ररी लागते, ती इथे नाही. ती आणायला गेला तर तिला तिसरी हवी होती, आकडेमोडीची. तिसरी म्हणाली, माझी आवृत्ती जुनी आहे. सख्ख्या जावेकडे परात मागायला जावं आणि तिने म्हणावं, आधी माझा झारा आणून द्या, तो शेजारणीकडे आहे, आणि शेजारीण गावाला गेलेली, तसं चाललं होतं. दुपारभर तो एकेक उसनं मागून आणत होता. पंखा गरम हवाच फिरवत होता. आणि यातच केव्हातरी त्याच्या लक्षात आलं की लाल ओळ आली की त्याचा श्वास मोकळा होतोय. पडदा स्वच्छ राहिला, काम पुढे सरकलं, की छाती आवळतेय. तो चूक दुरुस्त करत होता आणि मनात पुढच्या चुकीची वाट बघत होता. जोवर ही बांधून होत नाही तोवर तो निरोगी होता. मधल्या खोलीतून दीना चिंचेने चिकट झालेले हात वर धरून पाणी प्यायला आली, त्याच्याकडे बघून म्हणाली, "काय हो, परत चुकलं वाटतं?"

"हो. तुला कसं कळलं?"

"चेहरा खुललाय तुमचा. उलटंच असतं तुमचं सगळं."

मग लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली, पडदा काळा झाला आणि त्यात शांतवनला आपलं तोंड दिसलं. त्याने प्रार्थना केली नाही, पण प्रार्थनेच्या जवळपासचं काहीतरी मनात आलं: आता येऊ नये. आली. त्याने पुन्हा सुरुवात केली, कारण हाती घेतलेलं गणित अर्धवट सोडायची सवय नव्हती, आणि भीतीपेक्षा सवय जुनी होती. या खेपेला काही अडलं नाही. ओळींमागून ओळी पळू लागल्या, कडेला टक्के चढू लागले, लॅपटॉप तापून मांडीला चटका देऊ लागला. आत काहीतरी जुळत होतं, सांधत होतं, त्याच्या मदतीवाचून. शेवटी ओळी थांबल्या. बसवून झालं, एवढंच. घंटा नाही, काही नाही. ठक, ठक. चिंच चालू होती.

जुना आवाज चर्चमधून मिळवलेला होता. लॉकडाउनमध्ये उपासना मोबाईलवरून दाखवायला लागले तेव्हापासून तिचं मुद्रण व्हायचं, आणि ते सगळं फराजकडे होतं. फराज त्याचा जुना विद्यार्थी, केडगावातच साउंड सिस्टिमचा धंदा. लग्नं, उरूस, सभा आणि दर रविवारी चर्च. शांतवनने आपण उपासनेत वाचलेले बायबलचे दोन-चार जुने शास्त्रपाठ हवेत म्हणून मागितले तेव्हा त्याने कशाला म्हणून विचारलं नाही, पेनड्राइव्ह काढून दिला. आता त्यातलाच एक पाठ आजच्या आवाजात वाचायचा होता. शांतवनने आतल्या खोलीचं दार लावलं, फोन टेबलावर ठेवला, मुद्रण सुरू केलं आणि उभा राहून वाचू लागला. पाठ उंच आवाजात वाचायचा असतो, तो तसाच वाचत होता. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. निम्म्यावर आल्यावर बाहेर हातोडी थांबली.

"अहो," दाराबाहेरून दीना म्हणाली, "रविवारचं वाचताय ना? मग जरा मोठ्यानं वाचा की. पुटपुटताय काय."

त्याने वाचन पुरं कसं केलं हे त्याला कळलं नाही. ओठ हलत राहिले. दार लावलेलं होतं, तो मनाला सांगत होता, दार जाड आहे, तिची हातोडी चालू होती. हातोडी थांबली होती, दुसरं मन म्हणालं. त्याला भिजवलेल्या भाकरीचा वास आला, इतका स्पष्ट की त्याने तोंडावर हात धरला.

लायब्ररीने दोन्ही आवाज घेतले आणि विचारलेलं सांगितलं. आकडे त्याने नुसते वाचले नाहीत, त्यांच्या रेघा काढल्या, कारण रेघेला खोटं बोलता येत नाही असं तो मुलांना सांगत आलेला होता. वरची रेघ जुनी. शांत, आडवी, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर अलगद उतरणारी, पट्टीने ओढल्यासारखी. किती देखणी होती. आपण असे होतो, त्याला वाटलं, आणि तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. खालची रेघ आजची. करंजी घाट कागदावर काढायला सांगितला तर लहान मूल जसा काढेल तशी. वर, खाली, मध्येच तुटलेली, पुन्हा धरू पाहणारी. आणि डगमगीचा आकडा जुन्याच्या कितीतरी पट. बाहेर कुणाची तरी रिक्षा मागे घेत होते, येऊ द्या, येऊ द्या. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं आणि लावलं. लागलं. परत काढलं, लावलं. पूर्वी यापेक्षा लवकर लागायचं का? पूर्वी कधी बघितलंच नव्हतं. रविवारी उभं राहावं लागेल. समोर सगळी ओळखीची तोंडं. ती तोंडं काही बोलणार नाहीत, फक्त कान जरा पुढे करतील, आणि त्याला वाटत राहील की आपण ओरडतोय. दीनाला सांगावं लागेल. मग ती भाकरी भिजवायला लागेल. ती सुंठ म्हणेल. ती एंजलला बोलावून घेईल, आणि एंजल रजा काढून येऊन दाराच्या चौकटीत उभी राहील, तिसगावात तो जसा उभा असायचा तशी, वडिलांना पाणी पाजताना बघत.

त्याच अवस्थेत तो होता तेव्हा फराज दारात चपला काढत होता. "सर, झालं का पेनड्राइव्हचं काम? उद्या संध्याकाळी तिसगावला हळद हाय, गाणी भरायचीत." शांतवनला पडदा मिटायचंही सुचलं नाही. फराजने वाकून बघितलं. "हे काय, ईसीजी काढला व्हय? कुनाचा?"

"माझा आवाज आहे," शांतवन म्हणाला. एकदा तोंडातून निघालं तसं पुढचंही निघालं. "वरचा चार वर्षांपूर्वीचा. खालचा आजचा. बघ काय झालंय."

दीना चहा घेऊन आली होती. तिने ट्रे टेकवला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "वरचा कुठला म्हणालात?"

"चर्चमधला. यानेच दिलाय."

दीनाने फराजकडे बघितलं. फराजने कपबशीकडे बघितलं. "काकू," तो हळूच म्हणाला, "आपलं ठरलं हुतं ना, सरांना सांगायचं न्हाई म्हनून."

"मग आता काय करू? हे बघ तोंड कसं झालंय यांचं. अहो, तो तुमचा कुठंय आवाज? तो याने सरळ केलाय." आणि ती सांगू लागली, चिंचेचे हात पदराला पुसत. लॉकडाउनमध्ये पहिल्यांदा मोबाईलवर उपासना दिसली तेव्हा तिच्या बहिणीचा फोन आला होता, भाऊजींना बरं नाही का ग, आवाज किती थरथरतोय. तिला फार लागलं ते. आता घरोघर लोक बघणार, ऐकणार. म्हणून तिने फराजला गाठून सांगितलं, बाबा, यांना जरा सांभाळून घे.

"कव्वालीवाल्यांना लावतो ना मी एक मशीन," फराज म्हणाला, "सूर इकडंतिकडं पळाला का कान धरून जाग्यावर आनतं. तेच लावलं. बारीक लावलं सर, लई न्हाई. तुमी माइकवर आले का बटन दाबायचं, खाली बसले का सोडायचं. सवयच झाली."

"म्हणजे दर रविवारी?"

"दर रविवारी. आन् सर, राग येऊ देऊ नका, थरथरता तर तुमी आमच्या वर्गातबी. फळ्याकडं तोंड करून बोलायचे. आमी मागच्या बाकावर नक्कल करायचो तुमची. मी एक नंबर करायचो."

"करून दाखव," दीना म्हणाली.

"नको काकू, सर छडी काढतील."

"कर रे."

फराजने भिंतीकडे तोंड केलं आणि भेदरलेल्या, कापऱ्या, बारीक आवाजात म्हणाला, "तर मुलांनो, हे दोन कोन समान." दीना पदर तोंडाला लावून हसली. शांतवनही हसला, आणि या वेळी ते हसू पोटातून आलं. इतका अपमान त्याला आयुष्यात कधी इतका गोड लागला नव्हता. तो नेहमीच थरथरत होता! वर्गात, चर्चमध्ये, लग्नाच्या वेळी शपथ घेताना सुद्धा दीना म्हणे त्याचा हात धरून होती. ती थरथर बुजरेपणाची, जन्माची, त्याची स्वतःची. देखणी रेघ आपली नव्हतीच, घाटाचीच रेघ आपली. पट्टीने ओढलेली रेघ माणसाच्या गळ्यातून निघत नाही एवढं गणिताच्या मास्तराला कळू नये, याची लाजही त्याला आनंदाने वाटली. त्याने फराजला आग्रह करून दुसरा कप पाजला. तो गेल्यावरही घरात ते हसू रेंगाळत होतं. दीना पुन्हा पाटावर बसली, ठक, ठक, आणि काहीतरी गुणगुणू लागली. एंजलला सांगितलं पाहिजे, त्याला वाटलं, ती हसून हसून लोळेल. लॅपटॉपची वायर गुंडाळत त्याने टेबलावरच्या फोनला मोठ्याने सांगितलं, "एंजलला फोन लाव."

"हा आवाज जुळत नाही."

वायर त्याच्या हातात राहिली. नाताळात याच टेबलाशी, एंजलसमोर, त्याने ती वाक्यं वाचली होती. तिथे फराज नव्हता. बटण नव्हतं. जो काही थरथरता, बुजरा, जन्माचा आवाज होता तोच फोनने ऐकून घेतला होता, तोच खूण म्हणून ठेवला होता, आणि पुढे किती दिवस त्या आवाजाला तो मुकाट्याने ओ देत होता. चर्चचा पुरावा खोटा निघाला म्हणून आपण सुटलो असं तो धरून चालला होता. हा पुरावा कुणी सरळ केलेला नव्हता.

मधल्या खोलीतली हातोडी थांबली होती. गुणगुणणंही. "काय म्हणाला तो फोन?" दीनाने विचारलं.

रेंज नसेल, हे शब्द तयार होते. फोनच बिघडलाय, हेही तयार होते. तो दारात येऊन उभा राहिला. तिच्यासमोर सोललेल्या चिंचेचा ढीग होता, बाजूला चिंचोके. "दीना," तो म्हणाला, "मघाशी मी आत वाचत होतो. तुला खरंच ऐकू येत नव्हतं?"

एक शीर ओढायची राहिली होती ती तिने ओढली, नीट, टोकापर्यंत. "नाही," ती म्हणाली. "पण मला वाटलं माझेच कान गेलेत. नाताळानंतर केव्हातरी सुरू झालं. तुम्ही बोलायचात आणि मला शब्द धरता यायचे नाहीत. टीव्ही तर ऐकू यायचा. फक्त तुमचंच. मी म्हटलं आता म्हातारपण आलं, बहिरी होत चालले, कुणाला कशाला सांगा. एंजल तेवढ्यासाठी रजा काढून येईल." तिने हातोडी बाजूला ठेवली. "म्हणून मी तुमच्या तोंडाकडे बघून समजून घेत होते. तुमच्या लक्षात नाही आलं?"

त्याच्या लक्षात आलं होतं. हल्ली दीना बोलताना फार मायेने बघते, असं त्याला वाटलं होतं.

"तो फोन काय म्हणाला ते सांगा मला," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

शांतवन जमिनीवर बसला, तिच्या समोर, चिंचोक्यांच्या कडेला, आणि सांगू लागला. रसवंतीपासून सुरुवात केली, मग तिसगावाकडे गेला, गोजरबाईपर्यंत आला. सगळं सांगायचं होतं, म्हणून तो मोठ्याने, स्पष्ट बोलत होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असं. दीनाने चिकट हातांनीच पाट थोडा पुढे ओढला. तो बोलत राहिला. तिने पाट आणखी पुढे ओढला.